मावेल तेवढे

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी मी फिलोची, म्हणजे मैद्याच्या कागदासारख्या पातळ पानांची, एक अख्खी पुडी कचऱ्यात टाकली. आदल्या रात्री पालक आणि फेता चीज घालून स्पानाकोपिता करायचा बेत होता. पुडी फ्रीजमधून काढून, वेष्टण फोडून ओट्यावर ठेवली आणि तेवढ्यात अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून कामाचा फोन आला. जहाजांच्या दुरुस्तीच्या कामात असे फोन वेळी-अवेळी येतात आणि लवकर संपत नाहीत. सकाळी पाहिले, तर ओट्याशेजारच्या रेडिएटरच्या उष्णतेने ती मऊ, पातळ पाने पार वाळून गेली होती. वरचे पान उचलू गेलो, तर त्याचे जागच्या जागी तुकडे झाले. ग्रीकमध्ये फिलो म्हणजे पानच, आणि त्या क्षणी ती खरोखर झाडाखाली पडलेल्या पाचोळ्यासारखी वाजली. आता ही कशाच्या उपयोगाची, असे म्हणून मी सगळी चळत पारदर्शक पिशवीत भरली आणि रस्त्यावरच्या हिरव्या कचरापेटीकडे निघालो. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. मी त्यांना किरिया म्हणतो. आपल्याकडच्या ‘बाई’सारखे ते आदराचे संबोधन आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग पिशवीकडे पाहिले, नंतर पुन्हा माझ्याकडे पाहिले. ‘कालिमेरा, बाळा,’ एवढेच म्हणाल्या आणि कठड्याला धरून सावकाश वर चढू लागल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावरची बेल वाजली. दारात किरिया होत्या आणि त्यांच्या हातात निळ्या काठाची पांढरी बशी होती. बशीवर चंदेरी कागद होता आणि त्याच्या फटीतून संत्र्याचा आणि दालचिनीचा वास येत होता. ‘घरात जास्तीचे झाले होते,’ असे म्हणून त्यांनी बशी माझ्या हातात दिली आणि आत येण्याचा आग्रह न मानता त्या निघून गेल्या. बशीत चार चौकोनी तुकडे होते. वरची बाजू खरपूस तपकिरी, थोडी खडबडीत, आणि कडेला पाकाने जवळजवळ पारदर्शक झालेली होती. चमचा लावला तेव्हा आत रवाळ केकचा भुसभुशीतपणा सापडला नाही. एकमेकांत गुंतलेले मऊ पदर लागले आणि दोन पदरांच्या मधून गार पाक बाहेर आला. आधी गोडी कळली, तिच्या पाठोपाठ सालीचा किंचित कडवटपणा आला, आणि घास गिळून झाल्यावरही तो कडवटपणा जिभेच्या कडांवर रेंगाळत राहिला. मी उभ्या उभ्याच दोन तुकडे खाल्ले.

त्या पदार्थाचे नाव पोर्तोकालोपिता. खानावळीत जेवणानंतर बिलाबरोबर न मागता त्याचा छोटा तुकडा समोर येतो, तसा तो मी पूर्वीही खाल्लेला होता. तो कशाचा करतात, याचा मात्र मी कधी विचार केला नव्हता. बशी धुऊन ठेवली, आणि आपल्या घरच्या वळणाप्रमाणे ती रिकामी परत करायची नाही, हेही ठरवले. ही रीत या देशातही आहे. मग वाटले की त्यांच्याकडूनच हा पदार्थ शिकावा आणि त्यांच्याच बशीतून त्यांना द्यावा. दोन आठवड्यांनी मी खाली गेलो आणि कृती विचारली. किरियांनी चश्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, ‘आदल्या रात्री फिलोची पुडी उघडायची आणि पाने वाळू द्यायची.’

मला पुढची वाक्ये नीट ऐकू आली नाहीत.

तेव्हापासून ती बशी मला छळते आहे. त्या दिवशी जिन्यात किरियांनी काय पाहिले असेल, हे आता कळत होते. ज्या अवस्थेत आणण्यासाठी त्या रात्रभर थांबतात, नेमक्या त्या अवस्थेतली अर्धा किलो पाने एक तरुण माणूस कचऱ्यात टाकायला निघाला होता. त्या बोलल्या असत्या तर मी खजील झालो असतो आणि दोन दिवसांत विसरलोही असतो. पण त्या बोलल्या नाहीत. घरी गेल्या, आपली पाने वाळत घातली आणि दुसऱ्या दिवशी चार तुकडे आणून दिले. ती समज होती, माया होती, की खरोखरच जास्तीचे झाले होते? मी हे अजूनही विचारलेले नाही. विचारले तर बशीतले काहीतरी कमी होईल, असे मला वाटते.

हे मनाला अधिक लागण्याचे कारण असे की, मी ज्या घरात वाढलो तिथे शिळी पोळी कधी बाहेर गेली नाही. सकाळी डब्यात उरलेल्या पोळ्या आई हाताने कुस्करायची, आणि मोहरी, कढीपत्ता, कांदा घालून तिची फोडणीची पोळी व्हायची. सुट्टीच्या दिवशी तोच कुस्करा गूळ आणि तूप घालून लाडवात वळला जायचा. तो लाडू आम्हा भावंडांना ताज्या पोळीपेक्षा प्रिय होता आणि त्यासाठी आम्ही रात्री मुद्दाम एक पोळी कमी खायचो. पोर्तोकालोपिता ही जातीने त्या लाडवाची बहीण आहे. बकलावा किंवा गालाक्तोबुरेको हे फिलोचेच गोड पदार्थ करताना फाटलेली, उरलेली, कडेने वाळलेली पाने टाकवत नाहीत, म्हणून ती चुरगळून अंडी-दुधात भिजवायची आणि भाजायची, अशी इथल्या घरांची जुनी रीत आहे. अशा एका पदार्थाचे नावच पात्सावुरोपिता आहे. पात्सावुरा म्हणजे फडके, चिंधी. चिंधीसारख्या चुरगळलेल्या पानांचा पदार्थ, असे इतके सरळ नाव कुणी ठेवले असेल, त्या बाईशी माझ्या आईचे चांगले जमले असते.

पुढच्या शनिवारी किरियांनी मला स्वयंपाकघरात बोलावले. जेवणाच्या टेबलावर स्वच्छ चादर अंथरलेली होती आणि तिच्यावर, खुर्च्यांच्या पाठींवर, इस्त्रीच्या फळीवर फिलोची पाने वाळत पडली होती. उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरडयांचे वाळवण असते, तसे ते दृश्य होते. फरक इतकाच की बाहेर पाऊस होता आणि उन्हाचे काम रेडिएटर करत होता. दुकानात फिलो दोन-तीन प्रकारचा मिळतो. या कामाला ‘क्रुस्तास’ नावाचा, सर्वांत पातळ, 450 ग्रॅमच्या पुडीत येणारा लागतो. पाने का वाळवायची, हे त्यांनी मला तोंडाने न सांगता दाखवले. एक ओले पान अंड्यांच्या मिश्रणात टाकले, तर ते आपल्याच अंगावर चिकटून गोळा झाले. मग एक वाळलेले पान मुठीत चुरडून टाकले, तर त्याची प्रत्येक चिंधी वेगळी राहिली आणि मिश्रण शोषून फुगली. या केकमध्ये सुटे पीठ चमचाभरही पडत नाही. ही पानेच त्याचे पीठ असतात, आणि त्यांच्या चुण्यांमध्ये अडकलेल्या हवेच्या जागा पुढे पाकाच्या वाटा होतात. म्हणून पाने एकदम ओतायची नाहीत. मूठ-मूठ टाकायची आणि हाताने सोडवत राहायचे.

मिश्रण साधे असते. चार अंडी आणि 150 ग्रॅम साखर फेटून घ्यायची. त्यात 200 मिलिलिटर सूर्यफुलाचे तेल, 200 ग्रॅम दही, बेकिंग पावडर, दोन संत्र्यांची किसलेली साल आणि एका संत्र्याचा रस घालायचा. दही म्हणजे ‘स्त्राग्गिस्तो’, पाणी गाळून घट्ट केलेले. डबा उघडून मी चमचा उभा केला, तो तसाच उभा राहिला, आणि मी नकळत मराठीत ‘चक्का’ म्हणालो. किरियांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. आम्ही याच्यात साखर आणि वेलदोडा फेटून खातो, हे सांगितल्यावर त्यांनी विचारपूर्वक मान हलवली. इथे त्यावर मध आणि अक्रोड घालतात, त्यामुळे त्यांना ते परके वाटले नसावे. साल किसताना मात्र त्यांनी माझा हात दोनदा धरला. फक्त नारिंगी भाग घ्यायचा, पांढरा आला की थांबायचे. सुगंधी तेल वरच्या पातळ थरातल्या बारीक पिशव्यांत असते आणि पांढऱ्या भागात नुसता कडूपणा. किसलेली साल त्यांनी कोरड्या साखरेत बोटांनी चोळली, तेव्हा साखर ओलसर आणि केशरी झाली आणि स्वयंपाकघर त्या वासाने इतके भरले की मला खिडकीबाहेरचा पाऊस ऐकू यायचा थांबल्यासारखे वाटले.

संत्री त्यांच्या माहेरची होती. पेलोपोनीसमध्ये अर्गोसच्या मैदानात दूरवर बागाच बागा आहेत आणि किरियांचे भाऊ दर हिवाळ्यात एक पोते ‘क्तेल’च्या बसने पाठवतात. पोत्यावर नाव आणि फोन नंबर लिहिलेला असतो आणि ते बसथांब्याच्या पार्सल खिडकीवरून उतरवून घ्यायचे असते. एस.टी.च्या कंडक्टरकडे दिलेली हुरड्याची पिशवी ज्याने स्टँडवर उतरवून घेतली आहे, त्याला या व्यवस्थेत काही समजून घ्यावे लागत नाही. ही संत्री जाड सालीची, बेंबीवाली, बी नसलेली. बाजारात त्यांना ‘मेर्लिन’ म्हणतात. आपले नागपुरी संत्रे सैल सालीचे असते, हातात घेतले की साल अर्धी सुटून येते. किसणीवर ते टिकत नाही. खायला मला तेच अधिक आवडते आणि ते मी किरियांना सांगितलेही. ‘खायला वेगळे, पाकाला वेगळे,’ त्या म्हणाल्या, आणि त्यात त्यांनी माझ्या नागपूरला कमी लेखले नाही.

अथेन्सच्या फुटपाथांवरही संत्र्यासारखी झाडे आहेत. हिवाळ्यात ती फळांनी लगडतात, फळे गळून मोटारींच्या टपांवर पडतात आणि कुणी उचलत नाही. पहिल्या वर्षी मी एक सोलून तोंडात टाकले होते आणि तो कडूपणा संध्याकाळपर्यंत गेला नव्हता. ते कडू फळ म्हणजे नेरांत्झी. त्याच्या सालीच्या गुंडाळ्या पाकात मुरवून चमच्याने खायचा गोड पदार्थ करतात. संस्कृतातला ‘नारंग’ फारसीतून आणि अरबी ‘नारंज’मधून फिरत इथवर आला आणि ‘नेरांत्झी’ झाला, हे कळले त्या दिवसापासून त्या झाडांखालून जाताना मला गावाकडचे कुणी उभे असल्यासारखे वाटते. गोड संत्रे मात्र नंतर आले. ते पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या नावाशी जोडले गेले आणि ग्रीकांनी त्याला ‘पोर्तोकाली’ म्हटले, म्हणजे सरळ पोर्तुगालच. ज्यांनी 1510 ते 1961 गोवा ताब्यात ठेवला, त्यांच्या देशाचे नाव इथे भाजीवाला रोज सकाळी फळाचे नाव म्हणून ओरडतो आणि त्यात त्याला पोर्तुगाल ऐकू येत नाही. कडू फळाला आपले नाव आहे आणि गोड फळाला त्यांचे, याचे मला सुरुवातीला वाईट वाटले होते. आता वाटत नाही, कारण या केकला जी चव येते ती सालीतल्या त्या कडवटपणाशिवाय येत नाही.

ताव्सी, म्हणजे पसरट भाजायचे भांडे, 180 अंशांच्या भट्टीत गेले आणि पाऊण तास आम्ही पाकाबद्दल बोललो.

मला वाटत होते की पाकाबद्दल मला कुणी काही शिकवायला नको. आईने मला एकतारी आणि दोनतारी पाक अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून दाखवला आहे. पाकातल्या पुऱ्या करताना पाक दाट झाला की ती गॅसकडे पाहूनच ओळखायची. म्हणून पुढे एकट्याने पहिल्यांदा केला तेव्हा मी अभिमानाने एक तार येईपर्यंत पाक उकळला. तो केकच्या आत गेलाच नाही. वरच्या अंगावर साखरेचा पातळ, तडकणारा पापुद्रा धरून बसला आणि आतला केक कोरडा राहिला. दुसऱ्यांदा पाक पातळ ठेवला, पण घाई केली. भट्टीतून काढलेल्या गरम केकवर गरमच पाक ओतला, आणि चिंध्यांचे सगळे पदर एकमेकांत विरघळून लगदा झाला. या पाकाला तार लागत नाही. 400 ग्रॅम साखर, 400 मिलिलिटर पाणी, दालचिनीची कांडी आणि रस काढून उरलेले अर्धे संत्रे. साखर विरघळल्यावर चार-पाच मिनिटे उकळी, शेवटी लिंबाचे थेंब, म्हणजे साखर पुन्हा दाणेदार होत नाही. हे सगळे केकच्या आधी करून पार गार होऊ द्यायचे. केक कडक गरम आणि पाक गार, किंवा याच्या उलट. दोन्ही गरम कधीही नाही. गरम केकच्या पोकळ्यांत वाफ असते. गार पाक पडला की ती आकसते आणि पाक आत ओढला जातो. पळीने ओतताना केक सुस्कारा टाकल्यासारखा आवाज करतो. आवाज थांबेपर्यंत पुढची पळी घालायची नाही.

पहिल्या दिवशी किरियांच्या शेजारी उभे राहून मी विचारले होते, ‘किती पळ्या?’ त्यांनी खांदे उडवले आणि म्हणाल्या, ‘ओसो पारी.’

ओसो पारी म्हणजे ‘घेईल तेवढे’. इथल्या जुन्या कृतींत पिठापुढे ग्रॅम नसतात, हे दोन शब्द असतात. आणि माझ्या आईच्या वहीत, निळ्या शाईने, कोपरे तुपाने पारदर्शक झालेल्या पानांवर, करंज्यांच्या पाऱ्यांपासून अनारशांपर्यंत जागोजाग लिहिले आहे : ‘मावेल तेवढे’. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असताना मी त्या वहीची थट्टा केली होती. मावेल तेवढे म्हणजे किती, हे कसे कळणार, असे विचारले होते. आई म्हणाली होती, ‘हाताला कळते.’ तेव्हा ते मला उत्तर टाळणे वाटले होते. किरियांच्या स्वयंपाकघरात मी पळी हातात घेऊन उभा होतो, केकचा सुस्कारा हळूहळू बारीक होत होता, आणि एका क्षणी कडेला पाक थांबून चमकू लागला. मग एक-दोन मिनिटांत तोही नाहीसा झाला. त्या म्हणाल्या, ‘पाहिलेस? अजून घेतोय.’

पाकाला इथे ‘सिरोपी’ म्हणतात, आणि तो शब्द पिण्याच्या ज्या अरबी धातूतून निघाला त्यातूनच आपले सरबतही आले. केक पाक पितो, असे दोन्ही भाषांत म्हणता येते.

त्या दिवशी केक मुरत असताना किरियांनी टेबलावरची चादर चारी कोपऱ्यांनी उचलली, पानांचा चुरा मधोमध गोळा केला आणि तो वाटीत काढला. पुढच्या वेळी कामाला येईल, म्हणाल्या. मग स्वतःहून सांगू लागल्या की ही सवय त्यांच्या सासूबाईंची. सासूबाई 1941-42 च्या हिवाळ्यात याच शहरात होत्या. परकीय सैन्याने धान्य ताब्यात घेतले होते, समुद्रावर नाकेबंदी होती आणि अथेन्सच्या रस्त्यांवर माणसे उपासमारीने मरून पडत होती. त्यानंतर पन्नास वर्षे जगलेल्या त्या बाईने जेवणानंतरची चादर कधी सज्जातून बाहेर झटकली नाही. पावाचे कण तळहातावर गोळा करून ती खायची. मला माझी आजी आठवली. बीड जिल्ह्यात 1972 चा दुष्काळ तिने काढला होता; सुकडी आणि लाल मिलो ज्वारी यांच्या गोष्टी ती सांगायची नाही, फक्त वाळलेल्या भाकरीचे तुकडे डब्यात साठवायची आणि आमटीत भिजवून खायची. मी हे किरियांना माझ्या मोडक्या ग्रीकमध्ये सांगितले. त्यांनी वाटीतला चुरा बोटाने सारखा केला. जिन्यातल्या त्या सकाळीबद्दल त्या दिवशीही आमच्यापैकी कुणी बोलले नाही.

त्यानंतर महिनाभर माझ्या घरी दर शनिवारी फिलो वाळत पडला. चौथ्यांदा केलेला केक मला द्यावासा वाटला. उशीर करून चालणार नव्हते, कारण ‘काथारा देफ्तेरा’, म्हणजे शुद्ध सोमवार, जवळ आला होता. त्या दिवसापासून ईस्टरपर्यंत किरिया उपवास पाळतात. अंडी नाहीत, दही नाही, म्हणजे ही पोर्तोकालोपिताही नाही. चातुर्मास लागायच्या आत कांदेनवमी साधणाऱ्या घरातला मी, मला त्या तारखेची निकड कुणी समजावून द्यावी लागली नाही. शनिवारी रात्री केक केला, गार पाक घातला, तो रात्रभर मुरू दिला. रविवारी दुपारी निळ्या काठाच्या बशीत चार तुकडे ठेवले, वर चंदेरी कागद घातला आणि एक मजला उतरलो.

किरियांनी बशी घेतली आणि प्रथम तिची कड पाहिली. मला वाटले, बशी इतके दिवस ठेवली म्हणून काही म्हणतील. त्यांनी कागद काढला, वास घेतला, आणि काटा न घेता बोटाच्या टोकाने एका तुकड्यावर हलके दाबले. बोट काढल्यावर केक सावकाश वर आला; खळगीत पाक जमला नाही. त्यांनी पुन्हा दाबले. मग त्या आत गेल्या, गॅसवरच्या छोट्या भांड्यात उरलेल्या संत्र्याच्या सालीचा पाक होता तो घेऊन आल्या, आणि चहाच्या चमच्याने एकेका तुकड्यावर थेंब-थेंब सोडू लागल्या.

‘पेर्नी की आलो,’ त्या म्हणाल्या. अजून घेतोय.

मी खुर्ची ओढून शेजारी बसलो.